हातोहात

तुर्कस्तानातल्या फेथिये गावच्या दोल्मुशला, म्हणजे तिथल्या भाड्याच्या मिनीबसला, कंडक्टर नसतो. ड्रायव्हर एकटाच. तोच गाडी चालवतो, तोच पैसे घेतो, चिल्लर तोच परत करतो, आणि कुणी आवाज दिला की गाडी कडेला घेऊन त्याला उतरवूनही तोच देतो. अशा गाडीत अगदी मागच्या बाकावरच्या माणसाचे पैसे पुढे पोचतात कसे, हे पहिल्यांदा पाहिलं आणि मी थक्क झाले.

मागच्या कोपऱ्यात कॉलेजात जाणारा एक मुलगा बसला होता. त्याने एक नोट काढली, पुढच्या बाईच्या खांद्याजवळ धरली आणि दोन शब्द बोलला. बाई खिडकीबाहेर बघत होती. तिने मान न वळवता नोट घेतली, तेच दोन शब्द पुढे सांगितले आणि नोट पुढच्या म्हाताऱ्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती दांड्याला धरून उभ्या असलेल्या माणसाकडे दिली, त्याने माझ्याकडे. मी गोंधळून नोट धरून बसले, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या वहिनींनी कोपराने ढोसलं, "ताई, द्या ना पुढे." मी ती ड्रायव्हरच्या खांद्यापाशी नेली. घाटाचं वळण सुरू होतं. त्याने डावा हात चाकावर ठेवला आणि उजव्या हाताने नोट घेऊन समोरच्या लाकडी खणात सरकवली. अंगठ्याने चाचपत तीन-चार नाणी वेगळी केली आणि मागे न बघता हात मागे केला. नाणी आली त्याच वाटेने परत गेली. मधल्या एकाही माणसाने ती मोजली नाहीत. त्या मुलानेही न मोजताच खिशात टाकली आणि कानात पुन्हा गाणं लावलं.

त्या गाडीत कुणीच कुणाचं नव्हतं. बाजाराला आलेल्या बाया होत्या, हॉटेलात कामाला निघालेली पोरं होती, उन्हाने लाल झालेलं एक इंग्रज जोडपं होतं, आणि आम्ही दोघी होतो, भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या. तरी पैसा एवढ्या हातांतून गेला आणि पूर्णच्या पूर्ण परत आला.

ऑक्टोबर 2023 ची ही गोष्ट. 29 तारखेला तुर्की प्रजासत्ताकाला शंभर वर्षं होणार होती, त्यामुळे दुकानांवर, गच्च्यांवर, बंदरातल्या बोटींच्या डोलकाठ्यांवर जिकडे तिकडे लाल झेंडे लागले होते. भाचा जर्मनीत नोकरीला आहे. तिकडची माणसं सुटीत तुर्कस्तानचा किनारा गाठतात, म्हणून त्याने आईला आणि आत्याला तिथंच बोलावून घेतलं. त्याचे कामाचे फोन काही सुटीवर गेले नव्हते. तो हॉटेलात लॅपटॉप उघडून बसायचा आणि आम्ही दोघी बाहेर पडायचो. भाषा येत नव्हती, नकाशा नीट कळत नव्हता, दोघींचंही वय पन्नाशीपुढचं. टॅक्सीचा भाव ऐकून वहिनींनी कानाला हात लावले होते. उरली ती दोल्मुश. तिने आम्हाला सगळीकडे फिरवलं आणि एकदाही अडचणीत टाकलं नाही.

फेथिये हे मूला प्रांतातलं भूमध्य समुद्रावरचं गाव. 1957 च्या भूकंपात ते जवळजवळ सगळं कोसळलं, म्हणून आजच्या इमारती फार जुन्या नाहीत. पण गावामागच्या कड्यात देवळाच्या दर्शनी भागासारखी कोरलेली थडगी आहेत, इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातली. त्यांतलं सर्वांत मोठं अमिंतासचं. संध्याकाळी ऊन त्या कड्यावर पडलं की बाजारातूनही त्याचे खांब मोजता येतात. लिशियन लोकांच्या दगडी शवपेट्या तर गावात अशाच उभ्या आहेत. एक तर थेट रस्त्याच्या मधोमध आहे. गाड्या तिला वळसा घालून जातात आणि कुणाला त्यात विशेष वाटत नाही. वहिनी मात्र दोल्मुश तिथून गेली की हात जोडायच्या. "कुणाचं का असेना, माणूसच तो," म्हणायच्या.

गावातल्या मोठ्या मशिदीजवळून ओल्यूदेनिझची दोल्मुश सुटते. काचेवर गावांच्या नावांची पाटी, आत पंधरा-वीस माणसं बसतील अशी पांढरी मिनीबस, समोर आरशाला टांगलेला निळा मणी. दृष्ट लागू नये म्हणून हा मणी तिथं घरादारात, गाडीत, तान्ह्या बाळाच्या कपड्यालाही लावतात. आम्हाला काजळाची तीट लावायची सवय, त्यामुळे ते समजावून घ्यायची गरजच पडली नाही. गाडी भरली की सुटते, आणि हंगामात ती भरायला वेळ लागत नाही. वाटेत कुठेही हात दाखवा, ती थांबते. उतरायचं झालं की माणूस जागेवरूनच सांगतो, सोयीची जागा बघून थांबवा. मला या बोलण्यातली रीत आवडली. 'थांबवा' एवढंच तो म्हणत नाही. ड्रायव्हरला वळण असेल, मागे गाडी असेल, हे उतरणारा धरून चालतो. ड्रायव्हरही मग दहा-वीस पावलं पुढे नेऊन बरोबर सावलीत उभी करतो.

अंतर चौदा-पंधरा किलोमीटरचं. जवाहरनगर ते भंडारा जवळपास एवढंच. रस्ता आधी पाइनच्या जंगलातून वर चढतो, ओवाजिक आणि हिसारोन्यू ही हॉटेलांची गावं घेतो आणि मग उतरायला लागतो. एका वळणावर झाडं संपतात आणि खाली समुद्र दिसतो. वैनगंगेच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाण्याचे रंग माहीत असतात, पावसाळ्यातलं गढूळ, दिवाळीनंतरचं हिरवट, उन्हाळ्यात वाळूतून झिरपणारं. असा निळा मी पाहिला नव्हता. किनाऱ्याशी तो फिकट, पुढे गडद, आणि वाळूच्या जिभेच्या आतल्या खाजणात तर इतका स्थिर की लाटच नाही. वरती बाबादाग डोंगर, 1,969 मीटर उंच, आणि त्याच्या माथ्यावरून उडी घेतलेली माणसं रंगीत छत्र्यांना लोंबकळत आमच्या डोक्यावरून येऊन थेट किनाऱ्याच्या फरसबंदीवर उतरत होती. मला बोलायला शब्द सुचेना. शेजारच्या तुर्की बाईने माझा चेहरा पाहिला आणि हसून मान हलवली. ती रोज येत असेल, तरी तिलाही ते पुन्हा एकदा बघावंसं वाटलं.

मंगळवारी फेथियेचा आठवडी बाजार. त्या दिवशी परतीच्या गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या वाटेत पिशव्या, जुड्या, चीजचे डबे. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, ढगळ सलवार घातलेली एक म्हातारी चढली, हातात दोन जड पिशव्या. ती दारातून आत येते न येते तोच तीन माणसं उभी राहिली. कुणी कुणाला सांगितलं नाही. म्हातारीनेही आभार मानण्याचा घोळ घातला नाही. तिचा तो हक्कच होता, अशी ती वहिनींच्या शेजारी बसली. वहिनींच्या साडीचा काठ तिने बोटांनी तपासला, पोत बघितला, काहीतरी विचारलं. वहिनींनी मराठीत उत्तर दिलं, "करवत काठी आहे. आमच्या भंडाऱ्याकडची." म्हातारीने पुन्हा काही सांगितलं, वहिनींनी पुन्हा काही. उतरताना तिने पिशवीतून एक डाळिंब काढून वहिनींच्या मांडीवर ठेवलं. वहिनींनी तिचे दोन्ही हात धरले. गाडी तेवढा वेळ थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही आणि मागचंही कुणी पुटपुटलं नाही.

माणसं सगळीकडे चांगली असतात, यात नवल काय, असं कुणी म्हणेल. माझं नवल वेगळंच होतं. मला त्या गाडीची जात ओळखीची वाटत होती. ती आमची काळी-पिवळीच होती. फक्त तिला कुणी चोरटी समजत नव्हतं.

इस्तंबूलमध्ये दोल्मुशची सुरुवात 1929 च्या मंदीनंतर झाली. टॅक्सी एकट्याला परवडेना आणि टॅक्सीवाल्यालाही गिऱ्हाईक मिळेना. मग चार-पाच जण एकाच वाटेचे जमवायचे, भाडं वाटून घ्यायचं आणि निघायचं. पुढे कित्येक दशकं लांबलचक जुन्या अमेरिकन मोटारी, शेवरोले, डॉज, प्लिमथ, त्या शहरात दोल्मुश म्हणून धावल्या. शेवटच्या मोटारी गेल्या त्या 1990 च्या दशकात. गरजेतून आणि सरकारला न विचारता जन्मलेली ही सोय पुढे सरकारने आपल्या चौकटीत घेतली. आज फेथियेतल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर मूला प्रांताचा 48 आकडा असतो आणि मिनीबससाठी राखलेलं अक्षर असतं. मार्ग ठरलेला असतो, आणि त्या मार्गावर किती गाड्या चालाव्यात तेही. महानगरपालिकेचं वाहतूक समन्वय केंद्र भाडं ठरवतं आणि त्याचा तक्ता गाडीत लावलेला असतो, विद्यार्थ्याचा दर वेगळा. गाड्यांचे मालक सहकारी संस्थेत एकत्र येतात आणि पाळ्या लावून घेतात. आम्ही गेलो त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिथं महागाईचा अधिकृत दर 85 टक्क्यांच्या वर गेला होता. आम्ही बसलो त्या एका गाडीत जुन्या तक्त्यावर नवा तक्ता चिकटवलेला होता आणि कडेने खालचा डोकावत होता. पण वाद नव्हता. जे लिहिलंय ते सगळ्यांना सारखं, तिथल्या म्हातारीलाही आणि जवाहरनगरहून आलेल्या मलाही. परदेशी दिसतोय म्हणून जास्त घ्यावेत, असं त्या गाडीत कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी तक्ता डोळ्यांसमोर होता.

आता आमची काळी-पिवळी. काळं अंग, पिवळं टप, बहुतेक ट्रॅक्स किंवा जुनी कमांडर. जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणीची वसाहत. वडील नोकरीला लागले आणि आम्ही इथले झालो. वसाहतीतून ठाणा पेट्रोलपंपावर यायचं आणि तिथून, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा 53 नंबर म्हणतात त्या राष्ट्रीय महामार्गावरून, भंडाऱ्याला जायचं. शहापूर, बेला, मग भंडारा. कॉलेजची माझी सगळी वर्षं या गाडीने नेलीत. एसटी यायची, पण तिच्या वेळेला माझा तास नसायचा आणि तासाच्या वेळेला ती नसायची. काळी-पिवळी मात्र असायचीच. पुढे ड्रायव्हरसकट चार, तेव्हा ड्रायव्हरचं अर्धं अंग दाराबाहेर. मध्ये चार बसायचे तिथं पाच-सहा, मागे समोरासमोर गुडघ्याला गुडघे, आणि दारात पायरीवर उभा किन्नर, "सरका ना जी थोडं, बाई बसतेत!" टपावर धानाची पोती, सायकल, कधी कुणाच्या लग्नातलं कपाट.

आणि हात त्याही गाडीत होते. लेकुरवाळी बाई चढायच्या आधी तिचं बाळ खिडकीतून आत यायचं, कुणीतरी घ्यायचं, आणि ती आत येऊन बसेपर्यंत ते तिसऱ्याच्या मांडीवर पोचलेलं असायचं. परीक्षेच्या दिवसांत उभ्या पोरींच्या वह्या बसलेल्या बायांच्या ओटीत. शिंगाड्याची टोपली घेऊन चढणारी बाई टोपली निर्धास्त टपावर द्यायची आणि उतरताना तीतला एकही शिंगाडा कमी झालेला नसायचा. म्हणून फेथियेची ती नोट पाहताना त्या माणसांचा प्रामाणिकपणा मला परका वाटला नाही. तो माझ्या घरचा होता. परकी होती ती त्याच्याभोवतीची व्यवस्था. लिहिलेलं भाडं, ठरलेल्या माणसांपुरती जागा, बंद होणारं दार, आणि वर्दीतला माणूस दिसला तरी चेहरा न पडणारा ड्रायव्हर.

आमच्याकडच्या बातम्यांत या गाड्यांसाठी 'अवैध वाहतूक' असा शब्द छापतात. दाटून बसवणं, दारात लोंबकळणं जिवावर बेततं, आणि या रस्त्यांवर बेतलंही आहे. त्याची बाजू मी घेणार नाही. पण आपल्याच 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मॅक्सीकॅब नावाची सोय आहे. ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत माणसं नेणारी गाडी. म्हणजे कायद्याला ती ठाऊक आहे. एसटी पहिल्यांदा धावली 1 जून 1948 ला, पुण्याहून अहमदनगरला. तेव्हापासून गावोगाव माणूस पोचवायचं काम तिने केलं, आणि तिच्यासाठी माझ्या मनात मायाच आहे. तिची गिऱ्हाइकं पळवू नयेत म्हणून खासगी गाड्यांना आवर घालणं समजतं. पण 2021 च्या शेवटाला एसटीचा संप सुरू झाला आणि पुढे कित्येक महिने लांबला. तेव्हा खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची परवानगी सरकारनेच दिली. त्या काळात दवाखान्यात, कामावर, तेरवीला, माहेरी, सगळीकडे आम्हाला कुणी नेलं? संप मिटला आणि तीच गाडी पुन्हा अवैध. साखर, दूध, पतपेढी या सगळ्यांत सहकार आणणाऱ्या राज्यात ट्रॅक्सवाल्यांची एक संस्था असावी, तिने पाळ्या लावाव्यात, सरकारने भाड्याचा तक्ता द्यावा आणि नऊच्या जागी पंधरा बसवले तर खरोखर गाडी थांबवावी, हे अवघड का असावं? जगात हे जागोजाग झालेलं आहे, कुठे बरं, कुठे जेमतेम. नैरोबीत मटाटू आहेत. मनिलात दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने सोडलेल्या जीपांतून निघालेल्या जीपनी आहेत. रशियापासून मध्य आशियापर्यंत मार्श्रुत्का धावतात. मोठी बस जिथं रिकामी जाईल आणि टॅक्सी जिथं परवडणार नाही, तिथं लहान गाडीच माणसाला नेते.

दोल्मुशनेच आम्ही कायाकॉयला गेलो. टेकडीच्या उतारावर दगडी घरं, शेकड्यांनी, एकालाही छप्पर नाही. 1923 च्या कराराने ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्म बघून माणसांची अदलाबदल केली. इथले ग्रीक ख्रिस्ती तिकडे गेले आणि अथेन्सजवळ त्यांनी नव्या गावाला नेआ माक्री हे नाव दिलं. माक्री म्हणजे त्यांचं जुनं फेथिये. तिकडून जे मुसलमान आले, ते या उतारावर रमले नाहीत. वहिनींचं आजोळ फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या शेजाऱ्यांनी वेढलेलं, त्यामुळे त्या एका उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिल्या. मी वर चर्चपर्यंत जाऊन आले. खाली दोल्मुश उभी होती. ड्रायव्हरने आम्हाला येताना मोजलं होतं बहुधा, कारण दोघी दिसेपर्यंत त्याने इंजिन चालू केलं नाही.

परत आल्यावर ठाणा पेट्रोलपंपावर गाडी भरायची वाट बघत असताना मी हे सगळं आमच्या ट्रॅक्सवाल्या भाऊला सांगितलं. वर्षानुवर्षं त्याच्याच गाडीने जाते, त्यामुळे तो ऐकतो. पैसे मागून पुढे येतात यात त्याला काही विशेष वाटलं नाही. "आपल्याकडेही येतील जी, न यायला काय झालं?" त्याने विचारलं ते दुसरंच.

"तिकडं तक्ता लावते म्हणता. तो तक्ता कोण ठरवते?"

"पालिकेचं एक ऑफिस आहे."

"आणि डिझेल वाढलं तं?"

"तं तक्ता बदलते. आम्ही होतो त्याच वर्षी बदललेला दिसला."

तो थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. पुढच्या सीटवर तिसरा माणूस येऊन बसला, चौथ्यासाठी त्याने हात केला आणि मग तो हात खाली घेतला.

"अन् थंडीत? फिरायला येणारे लोक नाही तवा सीट भरत नसन. मंग त्याचं भागते कसं?"

हंगामात गाड्या जास्त आणि हंगाम सरला की फेऱ्या कमी, एवढं मला ठाऊक होतं. तेवढं मी सांगितलं. संस्थेत पाळी असते, म्हणजे एकाच्याच पोटावर पाय येत नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "पाळी पाहिजे जी. पाळी असली तं आम्ही पण नऊच बसवू." मग किल्ली फिरवली.